विषय मिळाला, पण प्रश्न मिळाला का?

आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी एम. ए. ला गेली की साऱ्या घराला आनंद होतो. आई शेजारणीला सांगते, बाप कामाच्या अड्ड्यावर सांगतो. पुढे एक दिवस ते लेकरू कॉलेजातून येते आणि म्हणते, "सरांनी संशोधनाचा विषय लिहून आणायला सांगितलाय." घरात असे काम पूर्वी कोणी केलेले नसते. मग ते आपल्या परीने कागदावर लिहून नेते : 'दलितांच्या समस्या', 'ऊसतोड कामगारांचे जीवन', 'ग्रामीण स्त्रियांची स्थिती'. मार्गदर्शक कागद परत करतात. म्हणतात, "फार मोठा आहे, नेमका करून आणा." दुसरा कागदही परत येतो. तिसरा परत आला की लेकराच्या मनात येते, हे आपल्याच्याने होणारे काम नव्हे. घरच्यांनाही वाटते, सरांचा काही राग असेल.

कधी राग असतोही. परंतु पुष्कळदा कारण साधे असते. लेकराने विषय नेलेला असतो, प्रश्न नेलेला नसतो. आणि विषय कसा निवडावा, त्यातून प्रश्न कसा काढावा, हे त्याला कोणी बसून समजावून सांगितलेले नसते. ज्यांच्या घरी आजोबा प्राध्यापक होते, त्यांना ही गोष्ट जेवताना कानावर पडते. आपल्या लेकरांना ती मुद्दाम शिकावी लागते.

आजच्या घडीला ती शिकणे फार गरजेचे झाले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदव्युत्तर अभ्यासक्रमांत संशोधन पद्धती आणि संशोधन प्रकल्प यांना मोठे स्थान मिळाले आहे. पीएच. डी. ची नोंदणी करायची तर आधी आराखडा द्यावा लागतो. पुण्याच्या बार्टीची किंवा इतर कोणती अधिछात्रवृत्ती हवी असेल, तिथेही तुम्ही काय शोधणार आहात, हे विचारले जाते. म्हणजे पहिल्याच दाराशी प्रश्न उभा असतो. त्या दारातून आत गेलात, तर पुढची तीन-चार वर्षे मार्गी लागतात. तिथेच अडलात, तर हुशारी असूनही घरी बसण्याची वेळ येते.

तगर कोठे आहे?

विषय आणि प्रश्न यांतला फरक समजून घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यातच त्याचे उत्तम उदाहरण आहे. तेरणा नदीच्या काठचे तेर हे गाव आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तिथले रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयही पाहिले असेल.

सुमारे १,९५० वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रमार्गाच्या व्यापाराची एक माहितीपुस्तिका लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती जगाला माहीत आहे. तिच्यात भडोच बंदराचे वर्णन आहे. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचे मोठे शहर आहे, तिथून कापड गाड्यांत भरून भडोचला येते, अशी माहिती त्यात आली आहे. पैठण सर्वांना ठाऊक होते. मात्र तगर कोणते, हे एकोणिसाव्या शतकात कोणालाच नक्की सांगता येत नव्हते. कोणी दौलताबाद म्हणे, कोणी जुन्नर म्हणे, कोणी धारूर म्हणे. मोठमोठ्या पंडितांची मते एकमेकांशी जुळत नव्हती.

आता पाहा, 'मराठवाड्याचे प्राचीन वैभव' हा झाला विषय. त्यावर कितीही लिहा, ते संपायचे नाही आणि ते खरे की खोटे हेही कोणाला तपासता यायचे नाही. परंतु 'तगर कोठे आहे?' हा झाला प्रश्न. याचे उत्तर चूकही ठरू शकते, बरोबरही ठरू शकते. उत्तर कसे तपासायचे तेही प्रश्नातच दिसते. गाव पैठणपासून सांगितलेल्या दिशेला आणि अंतरावर आहे का? नावात साम्य आहे का? तिथे जुन्या शहराच्या खुणा आहेत का? शिलालेखांत आणि ताम्रपटांत त्या नावाचा धागा लागतो का?

या कसोट्या लावून जे. एफ. फ्लीट या अभ्यासकाने १९०१ साली तगर म्हणजे आपले तेर, असे मांडले. तगरचे तयर, तयरचे तेर, असा नावाचा प्रवास त्याने दाखवला. पुढच्या काळात तेरला उत्खनने झाली. सातवाहन काळातील वस्तू आणि रोमशी असलेल्या व्यापाराच्या खुणा जमिनीतून वर आल्या. उत्तराला बळकटी आली. फ्लीटच्या आधीच्या विद्वानांजवळ ज्ञान कमी नव्हते. त्यांची उत्तरे मागे पडली, कारण ती कसोट्यांना पुरी उतरली नाहीत. ज्या प्रश्नाला अशा कसोट्या लावता येतात, तोच संशोधनाचा प्रश्न.

बाबासाहेबांनी प्रश्न कसे मांडले

आपण बाबासाहेबांना घटनाकार म्हणून ओळखतो, पुढारी म्हणून ओळखतो. पण ते आधी संशोधक होते, आणि संशोधक म्हणून त्यांची खरी ताकद प्रश्न मांडण्यात होती. विद्यार्थ्यांनी त्यांच्या ग्रंथांतील उत्तरे वाचावीतच, परंतु त्यांनी प्रश्न कसे घडवले हेही वाचावे.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या वर्गात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. जातीचे चटके त्यांनी स्वतः सोसले होते. 'जातीमुळे होणारा अन्याय' असे नाव देऊन ते शेकडो पाने लिहू शकले असते. त्यांनी तसे केले नाही. आधी त्यांनी सेनार, नेस्फील्ड, रिस्ले आणि केतकर यांनी केलेल्या जातीच्या व्याख्या घेतल्या. प्रत्येकीत काय कमी आहे, ते पाहिले. मग जातीच्या अनेक लक्षणांपैकी एकच लक्षण हाती धरले. ते म्हणजे जातीतल्या जातीतच लग्न. तिथून प्रश्न एकदम लहान आणि धारदार झाला. जो समूह बाहेर लग्न करू देत नाही, त्याला आपल्यातील लग्नाच्या वयाच्या स्त्रीपुरुषांची संख्या सारखी ठेवावी लागणार. मग नवरा मेला की मागे राहिलेल्या स्त्रीचे आणि बायको मेली की मागे राहिलेल्या पुरुषाचे तो समूह काय करतो? या एका प्रश्नातून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चालींचा उलगडा करण्याचा त्यांनी प्रयत्न केला. अवाढव्य समस्येतून त्यांनी एक धागा ओढला आणि साऱ्या गुंत्याची वीण दाखवली.

दुसरे उदाहरण १९१८ सालचे. शेतजमिनीचे तुकडे फार लहान झाले आहेत, ते मोठे कसे करावेत, अशी चर्चा त्या काळी जोरात होती. बाबासाहेबांनी लहान शेतांवर निबंध लिहिला आणि आधीच्या प्रश्नालाच हात घातला. शेत लहान म्हणजे कशाच्या मानाने लहान? एकराच्या आकड्यावरून ते ठरते, की त्या शेतावर राबणारी माणसे, अवजारे आणि भांडवल यांच्या मेळावरून ठरते? प्रश्न असा फिरवताच उत्तरही फिरले. खरी अडचण केवळ तुकड्यांची नाही. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अडकून पडली आहेत, त्यांना उद्योगधंद्यांत काम मिळाले पाहिजे, या निष्कर्षाला ते आले. कोरडवाहू जमिनीवर पोट न भरल्याने पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या कुटुंबांना हा निष्कर्ष समजावून सांगायला नको.

तिसरे उदाहरण रुपयाचे. लंडनमध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. रुपयाचा परदेशी चलनाशी भाव स्थिर कसा ठेवावा, याकडे सरकारचे आणि नामवंत अर्थशास्त्रज्ञांचे लक्ष होते. बाबासाहेबांनी विचारले, रुपयाने देशात किती माल मिळतो, ती खरेदीशक्ती स्थिर आहे का? ज्याला मजुरी रुपयात मिळते, त्याच्या दृष्टीने हाच प्रश्न महत्त्वाचा. आणि आपल्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा प्रबंध परीक्षकांनी पहिल्या वेळी जसाच्या तसा स्वीकारला नाही, फेरलेखनासाठी परत केला. बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहून पाठवला आणि १९२३ साली डी. एस्सी. ही पदवी मिळवली. तेव्हा कागद परत आला म्हणून खचून जाऊ नये.

पुढे १९४६ च्या शूद्रांवरील ग्रंथाला तर त्यांनी प्रश्नाचेच नाव दिले : शूद्र पूर्वी कोण होते? संपूर्ण ग्रंथ दोन प्रश्नांवर उभा आहे. शूद्र कोण होते, आणि ते चौथा वर्ण कसे बनले. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी, अस्पृश्यांची वस्ती गावाबाहेरच का, असा प्रश्न घेतला. गावाबाहेरची वस्ती हजारो वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. ती सर्वांना इतकी सवयीची झाली होती, की तिच्यात विचारण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटत नव्हते. संशोधक तिथेच थांबून 'का?' म्हणतो.

'समस्या' या शब्दाचा प्रश्न करा

आता आपल्या विद्यार्थ्याच्या कागदाकडे वळू. समजा, वाशी किंवा कळंब तालुक्यातील एका मुलीने 'ऊसतोड कामगारांच्या समस्या' असा विषय लिहिला आहे. तिचे स्वतःचे नातेवाईक दरवर्षी कोयता घेऊन जातात. तिला त्यातले पुष्कळ ठाऊक आहे. तरीही विषय परत आला. आता तिने काय करावे?

पहिली पायरी. 'समस्या' हा शब्द खोडावा आणि तिला नेमके काय खुपते, ते साध्या बोलीत लिहावे. उदाहरणार्थ, "आईबाप कारखान्याला गेले की पोरांची शाळा बुडते." बस्स, एवढे एक वाक्य. मुकादमाची उचल, बायांचे आजारपण, पालावरचे पाणी, विम्याचे पैसे हे सगळे महत्त्वाचे आहे, पण एका प्रकल्पात एकच घ्यावे. बाकीचे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावे. पुढे पीएच. डी. ला उपयोगी पडेल, नाहीतर धाकट्या भावाला पडेल.

दुसरी पायरी. त्या वाक्याला कोण, कोठे, केव्हा हे तीन प्रश्न विचारावेत. कोणाची पोरे? सहा ते चौदा वयाची. कोठली? जिथे तिला पायी किंवा एस. टी. ने जाता येईल अशा तीन गावांची. केव्हाची? गेल्या एका हंगामाची. एवढे केले की डोंगराएवढा विषय सुपात मावेल इतका होतो.

तिसरी पायरी. कशाशी ताडून पाहायचे, ते ठरवावे. काही आईबाप मुलांना बरोबर नेतात, काही आजी-आजोबांजवळ ठेवतात, काही हंगामी वसतिगृहात ठेवतात. यांच्यात फरक पडतो का? नुसते 'शाळा बुडते' म्हणण्यापेक्षा हा फरक पाहणे अधिक उपयोगाचे, कारण त्यातून काही उपाय हाती लागण्याची शक्यता असते.

चौथी पायरी. शब्दाचे माप ठरवावे. 'शाळा बुडते' म्हणजे काय? किती दिवस गैरहजर राहिले म्हणजे बुडाली म्हणायची? पटावर नाव आहे पण मूल वर्गात नाही, ते शाळेत धरायचे की शाळेबाहेर? माप आधी ठरवले नाही, तर नंतर आकडे हाती येतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही.

या चार पायऱ्या चढून आल्यावर तिचा प्रश्न असा होईल : 'कळंब तालुक्यातील तीन गावांत गेल्या ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर गेलेल्या, आजी-आजोबांजवळ राहिलेल्या आणि हंगामी वसतिगृहात राहिलेल्या ६ ते १४ वयाच्या मुलांच्या शाळेतील हजेरीत किती फरक होता?' त्याला जोडून दोन उपप्रश्न येतील. 'मुलाला बरोबर न्यायचे की मागे ठेवायचे, हे घरात कोण आणि कशावरून ठरवते?' आणि, 'शिक्षण हमी कार्ड घेऊन गेलेल्या मुलांपैकी किती मुले कारखान्याजवळच्या शाळेत प्रत्यक्ष बसली?'

पहिला प्रश्न आकड्यांचा आहे. त्याचे उत्तर शाळेच्या हजेरीपटात मिळेल. दुसरा माणसांच्या मनाचा आहे, त्यासाठी घरात बसून बोलावे लागेल. तिसऱ्यासाठी दोन्ही ठिकाणी जावे लागेल. प्रश्न नीट झाला, की कोणाकडे जायचे, काय मागायचे, किती दिवस लागतील, हे त्यातूनच कळते. हा आराखडा पाहून मार्गदर्शकाने काही सुचवले, तरी ते सुधारणेसाठी असेल. 'फार मोठा आहे' असे मोघम उत्तर त्याला देता येणार नाही.

उत्तर आधीच ठरवू नका

आपल्या विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी अडचण येथे होते. आपण जे भोगले आहे, ते आपल्याला ठाऊक असते. मग प्रश्नातच उत्तर येते : 'मुकादम ऊसतोड कामगारांचे शोषण का करतात?' शोषण होते, हे येथे आधीच धरले आहे. वाचणारा म्हणेल, तुम्ही शोधायला निघालाच नाहीत, सांगायला निघाला आहात. आणि ज्यांना आपले म्हणणे ऐकायचेच नाही, त्यांच्या हाती आपण आयते कोलीत देतो.

तोच प्रश्न वेगळा मांडा. हंगामाच्या सुरुवातीला एका कोयत्याला किती उचल मिळाली? मुकादमाने त्यातून किती कापले? हंगाम संपताना किती कोयत्यांवर उचल अंगावर राहिली? राहिलेल्या उचलीचे पुढच्या वर्षी काय झाले? यात 'शोषण' हा शब्द कोठेही नाही. परंतु आकडे नीट गोळा केले, तर वाचणारा स्वतःच त्या शब्दाशी येऊन थांबेल. आणि समजा, एखाद्या गावात हिशेब सरळ निघाला, तर तो का सरळ निघाला हेही कळणे आपल्याच फायद्याचे आहे. तिथे काय वेगळे होते, ते दुसऱ्या गावाला सांगता येईल.

तेरचेच आणखी एक उदाहरण घ्या. तिथले त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे आणि त्याची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार आहे. हेन्री कझेन्सपासून अनेक अभ्यासकांनी ते मूळचे बौद्ध चैत्यगृह मानले. काहींचे मत वेगळे आहे. आपल्या समाजातील विद्यार्थ्याला वाटणारच, की हे आपले होते असे सिद्ध करून दाखवावे. ही भावना समजण्यासारखी आहे. पण 'सिद्ध करायचे आहे' हे वकिलाचे काम झाले. संशोधकाने विचारावे, 'विटांचा आकार, इमारतीचा आराखडा आणि आसपासच्या उत्खननातील अवशेष यांवरून या इमारतीच्या मूळ उपयोगाबद्दल काय सांगता येते?' आणि स्वतःच्या वहीत एक ओळ लिहून ठेवावी : कोणती खूण सापडली तर मी माझे मत बदलीन? ज्याला ही ओळ लिहिता येत नाही, त्याचा प्रश्न अजून तयार झालेला नाही. आणि ज्याला लिहिता येते, त्याचे उत्तर आपल्या बाजूने निघाले, तर विरोधकालाही ते सहज झटकता येत नाही.

असावे की नसावे, चांगले की वाईट, हे सभेतले प्रश्न आहेत. 'आरक्षण असावे का?' यावर संशोधन होत नाही, वाद होतो. 'आमच्या तालुक्यातील अमुक खात्यात गेल्या दहा वर्षांत राखीव जागांपैकी किती भरल्या, किती रिकाम्या राहिल्या?' यावर संशोधन होते. त्यासाठी २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. साध्या कागदावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करता येतो आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेवढेही पैसे लागत नाहीत. मात्र तिथेही 'अन्याय का केला?' असे विचारले, तर उत्तर येत नाही. नेमका कागद, नेमके वर्ष आणि नेमका आकडा मागितला, तर टाळणे अवघड जाते.

आजीला विचारायचा प्रश्न वेगळा

विद्यार्थी आणखी एका ठिकाणी गोंधळतात. संशोधनाचा प्रश्न आणि मुलाखतीचा प्रश्न यांना ते एकच समजतात. संशोधनाचा प्रश्न आपण स्वतःला विचारतो, मुलाखतीचा प्रश्न समोरच्या माणसाला विचारतो. दोघांची भाषा वेगळी.

१९७२ चा दुष्काळ घ्या. आपल्या जिल्ह्यातील गावोगावची माणसे तेव्हा खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर होती. मे १९७३ मध्ये साऱ्या महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. कोणी विद्यार्थ्याने असा प्रश्न घेतला : 'दुष्काळी कामांवर पाणी आणि सुकडी वाटताना जातीचा भेद पाळला जात होता का? कोठे पाळला गेला आणि कोठे मोडला?' हा चांगला प्रश्न आहे. उत्तर दोन्ही बाजूंनी जाऊ शकते, आणि एकाच कामावर दोन्ही घडलेले असू शकते.

पण हाच प्रश्न आजीसमोर जसाच्या तसा ठेवला, तर आजी काय सांगणार? ती म्हणेल, "असंल बाबा." तिला विचारावे, "आजी, कामावर किती लांब चालत जायचीस? हजेरी कोण मांडायचं? पाण्याचा रांजण कुठं असायचा? पाणी कोण वाढायचं? तू हातानं घ्यायचीस की वरून वतायचे? सुकडी खायला कोण कोण एकत्र बसायचं?" मग आजी बोलू लागते. तिच्या बोलण्यातून आपल्या प्रश्नाचे उत्तर आपण शोधायचे. त्या वेळी वीस वर्षांची असलेली बाई आज सत्तरी ओलांडून गेली आहे. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही. फेब्रुवारी १९४१ मध्ये आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळे येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. ती डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता मिळणे कठीण. त्यांच्या लेकरा-नातवंडांनी काय ऐकले, वतनाची कामे कोणत्या गावात केव्हा सुटली, एवढेच आता विचारता येईल. प्रश्न विचारायला उशीर झाला, की प्रश्नच बदलावा लागतो.

एक जबाबदारीही सांगितली पाहिजे. माणसे आपल्याशी विश्वासाने बोलतात. मुकादमाचा हिशेब सांगणाऱ्या माणसाचे नाव छापले, तर पुढच्या हंगामात त्याचा कोयता बंद होईल. म्हणून परवानगी घ्यावी, नाव बदलावे, गावाची खूण पटेल असे काही लिहू नये. ज्या प्रश्नाने सांगणाऱ्याची भाकरी जाईल, तो प्रश्न वेगळ्या वाटेने विचारता येतो का, ते आधी पाहावे.

कागद नेण्यापूर्वी

मार्गदर्शकाकडे जाण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपला प्रश्न पुढील पाच कसोट्यांवर घासून पाहावा.

१. प्रश्नाचे उत्तर माझ्या अपेक्षेविरुद्धही येऊ शकते का? येऊ शकत नसेल, तर तो प्रश्न नाही, घोषणा आहे.

२. उत्तर ज्या कागदात किंवा ज्या माणसाजवळ आहे, तिथपर्यंत मी पोहोचू शकतो का? एस. टी. चे भाडे, बुडणारी मजुरी, परवानगी हे सारे धरून हिशेब करावा.

३. प्रश्नातील प्रत्येक मोठ्या शब्दाचे माप मी सांगू शकतो का? 'मागासलेपण', 'जागृती', 'सक्षमीकरण' हे शब्द ऐकायला बरे वाटतात, पण मोजायला बसले की हातातून निसटतात.

४. एका प्रश्नात दोन प्रश्न शिरले आहेत का? 'शिक्षण आणि आरोग्य यांवर काय परिणाम झाला?' हे दोन प्रश्न आहेत. वेगळे करावेत.

५. यावर आधी कोणी काय लिहिले आहे, ते मी पाहिले आहे का? धाराशिवला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर आहे. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संकुल १९८६ पासून ग्रामीण प्रश्नांवर काम करीत आहे. तिथे जाऊन, नम्रपणे विचारून, आधीचे प्रबंध चाळावेत. बाबासाहेबांनी १९१६ साली आधीच्या चार विद्वानांना वाचून मगच आपला प्रश्न मांडला, हे विसरू नये.

घरच्यांनीही हात लावावा

आईवडील म्हणतील, "आम्ही अडाणी माणसं, आम्हाला यातलं काय कळणार?" असे म्हणून बाजूला बसू नये. उचल कशी मिळते, हजेरी कशी मांडतात, रेशन दुकानात कोण पुढे उभा राहतो, नाक्यावर मजुरी कशी ठरते, हे तुम्हाला जितके ठाऊक आहे तितके ग्रंथालयात सापडणार नाही. लेकरू प्रश्न लिहून आणील, तेव्हा त्याला तो मोठ्याने वाचायला सांगा. वाचून झाल्यावर तुम्हाला तो समजला नाही, तर सांगा, "सोप्या भाषेत लिही." समजला आणि तुम्ही लगेच म्हणालात, "त्यात काय विचारायचं, ते तर समद्यांना ठाऊक आहे," तर लेकराने आणखी थोडा विचार करावा. सर्वांना ठाऊक आहे असे वाटणारी गोष्ट किती ठिकाणी खरी आहे आणि किती ठिकाणी नाही, ते विचारावे.

पण वाचून झाल्यावर आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हे मात्र गावात जाऊन बघावं लागंल," तर त्या लेकराने वही बंद करावी, दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस. टी. ने कॉलेजात जावे आणि तो कागद निर्धास्तपणे सरांच्या टेबलावर ठेवावा.